बार्शीचा मर्फी आणि बिल्टीवरची सही

गेल्या दिवाळीनंतर बार्शीहून थोरल्या बंधूंचा फोन आला. जुन्या वाड्याची डागडुजी काढली होती आणि माळ्यावरचे सामान एकेक करून खाली येत होते. "अण्णांचा रेडिओ निघाला आहे. इथे ठेवायला जागा नाही आणि भंगारात द्यायला हात धजत नाही. तुला हवा असेल तर पाठवतो," दादा म्हणाले. मी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. १९८३ साली घराची आणि दुकानाची वाटणी झाली तेव्हा हा रेडिओ दादांच्या वाट्याला गेला होता. मी बँकेच्या नोकरीत, बदलीच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा. एवढे धूड ठेवणार कुठे, असे तेव्हा सर्वांनी ठरवले आणि मीही मान डोलावली. मनात मात्र ती गोष्ट राहिली होती.

रेडिओ मर्फीचा, लाकडी पेटीचा. वडिलांनी तो १९६२ साली घेतला. आमचे कापडाचे दुकान होते आणि दुकानाच्या मागेच घर. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली की अण्णा गादीवर बसून बटण फिरवत. लगेच आवाज येत नसे. आधी काचेमागचा दिवा उजळे, मग अर्धा मिनिट शांतता, मग लांबून कोणी चालत यावे तसा आवाज हळूहळू जवळ येई. बाजारभाव आणि बातम्या हे अण्णांचे. दुपारचे कार्यक्रम आईचे. आणि बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला दादांची. अमीन सायानींचा आवाज लागला की अण्णा काही न बोलता उठून बाहेरच्या ओट्यावर जात, ही त्यांची मूक परवानगी असे. दरवर्षी पोस्टात पैसे भरून रेडिओच्या परवान्याचे नूतनीकरण करावे लागे. ते परवान्याचे पुस्तक अण्णांनी दुकानाच्या खातेवह्यांबरोबर कापडात बांधून ठेवलेले होते. आजच्या मुलांना रेडिओ ऐकण्यासाठी सरकारी परवाना लागत असे हे सांगितले तर ती हसतात.

मर्फी हे नाव इंग्लंडचे. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर या दोघांनी १९२९ साली वेल्विन गार्डन सिटी येथे ही कंपनी काढली. पुढे भारतात मर्फीचे रेडिओ बनू लागले आणि त्यांचा कारखाना ठाण्यात होता, हे या भागातील जुन्या मंडळींना आठवत असेल. ते गुटगुटीत बाळ तर सर्वांच्याच लक्षात आहे. म्हणजे आमचा रेडिओ बहुधा ठाण्यातून बार्शीला गेला आणि त्रेसष्ट वर्षांनी पुन्हा ठाणे जिल्ह्यात, आंबिवलीला परत आला. परत आला, पण कसा, ते आता सांगतो.

तो मी स्वतः जाऊन आणायला हवा होता. बार्शीहून कुर्डुवाडी आणि तिथून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने थेट कल्याण. मांडीवर घेऊन आलो असतो तरी चालले असते. गुडघ्याची सबब पुढे केली आणि ट्रान्सपोर्टने पाठवा म्हणालो. दादांनी रेडिओ जुन्या धोतरात गुंडाळला, वर गोणपाट शिवले, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'काच आहे, सांभाळून' असे लिहिले. भाडे दोनशे साठ रुपये. बिल्टीवर मालाचे वर्णन 'जुने घरगुती सामान', किमतीचा रकाना कोरा.

आठ दिवसांनी कल्याणजवळच्या गोदामात गेलो. संध्याकाळची गर्दीची वेळ, बाहेर रिक्षा थांबवलेली. खोके वरून धड दिसत होते. कारकुनाने वही पुढे सरकवली, 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली बोट ठेवले आणि मी सही केली. उचलताना आतून काचेचा खळखळाट ऐकू आला तेव्हा पेन खिशात परत गेलेले होते.

वाचकहो, मी सदतीस वर्षे बँकेत काढली. त्यांतली कितीतरी वर्षे व्यापाऱ्यांची बिले आणि त्यांना जोडलेल्या बिल्ट्या तपासण्यात गेली. बिल्टीवर 'बारदान फाटलेले' किंवा 'पेटी ओली' असा शेरा असेल तर ती बाजूला काढायची, निष्कलंक असेल तरच पुढे पाठवायची, हे मी किती नव्या मुलांना शिकवले असेल! आणि स्वतःच्या बापाच्या रेडिओवर न बघता सही केली. घरी येईपर्यंत सौ. एक शब्दही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला चांगले कळते.

खोके उघडले. पुढची मोठी काच, जिच्यावर स्टेशनांची नावे आणि मीटरचे आकडे असतात, तिचे चार तुकडे. पेटीचा डावा कोपरा सांध्यातून उघडलेला. आतला पत्र्याचा सांगाडा एका बाजूने वर उचलला गेलेला. आणि तो हिरवा डोळा, जो स्टेशन नीट लागले की मिटत जाई, त्याची काच तडकून आतला चकचकीत चंदेरी लेप दुधासारखा पांढरा झालेला. दादांचा त्याच रात्री फोन आला. "लागला का रे?" मी म्हणालो, "अजून उघडला नाही." ते पहिले खोटे.

आंबिवलीत व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य मिळेल असे मला वाटले नव्हते. मुंबईत लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागेल असा माझा हिशेब होता. परंतु आमच्या दूधवाल्याने सांगितले की मोहन्याला एक गृहस्थ आहेत, पूर्वी एनआरसीत होते. नॅशनल रेयॉनचा तो कारखाना २००९ साली बंद पडला, तोवर आंबिवली आणि मोहने ही गावे त्याच्या भोंग्यावर उठत आणि निजत. हे गृहस्थ तिथे उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करीत. कारखाना गेला, हात राहिले. आता वय सत्तरीच्या आसपास, घराच्या पुढच्या खोलीत टेबल, त्यावर सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, आणि भिंतीवर लाकडी फळीत बसवलेला एक साधा बल्ब.

मी रिक्षातून रेडिओ नेला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "घरी वायर लावून पाहिली का?" नाही म्हणताच त्यांचा चेहरा मोकळा झाला. बहुतेक लोक आधी प्लग खुपसतात आणि धूर निघाल्यावर आणतात, असे ते म्हणाले. माळ्यावर चाळीस वर्षे पडलेल्या आणि वर प्रवासात आपटलेल्या रेडिओला एकदम वीज देणे म्हणजे उपवास करून उठलेल्याला पंगतीत बसवणे, ही उपमा त्यांची.

यानंतरचे पंधरा दिवस मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे जाऊन बसलो. निवृत्तीनंतर इतका आनंदाचा पंधरवडा मला आठवत नाही. या यंत्राविषयी जे काही समजले ते इथे नोंदवतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडच्या घरात असा एखादा रेडिओ अजून असेल.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन दाबाच्या पत्र्याकडे धावतात. अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली अशी पहिली नळी केली. पुढे ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी घातली आणि त्या जाळीवरच्या क्षीण संदेशाने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला. आमच्या मर्फीत असे पाच व्हॉल्व्ह आणि सहावा तो हिरवा डोळा. पहिला व्हॉल्व्ह हवेतून आलेल्या लहरीचे ठरावीक कंपनात रूपांतर करतो, दुसरा ती वाढवतो, तिसरा तिच्यातून आवाज वेगळा काढतो, चौथा त्या आवाजाला कर्ण्यात दम भरण्याइतके बळ देतो आणि पाचवा घरातल्या विजेची या सर्वांना लागणारी एकदिश वीज करून देतो. तार तापायला वेळ लागतो म्हणून तो अर्धा मिनिट शांतता. आत अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो, म्हणून मागचा पुठ्ठा उघडून बोटे घालण्याचा मोह कोणीही करू नये. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा तर पत्र्याचा सांगाडाच थेट विजेशी जोडलेला असू शकतो.

प्रवासात काय झाले असावे हे त्यांनी मला पोलीस पंचनाम्यासारखे उलगडून दाखवले. या रेडिओत सर्वांत जड वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि तो सांगाड्याच्या एका टोकाला. ट्रक उसळला किंवा खोके आपटले की ते वजन सांगाडा उपटू पाहते. सांगाडा उचलला गेला, त्याने काच फोडली आणि डोळ्यावर आघात केला. चौथा व्हॉल्व्ह बैठकीतून निसटला आणि आत गडगडत जाऊन कर्ण्याचा कागद त्याने फाडला. गंमत म्हणजे तो स्वतः सुखरूप होता, फक्त त्याच्या सुया वाकल्या होत्या. स्टेशन लावण्याच्या गँगच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

एवढे सांगून त्यांनी सांगाडा उलटा केला आणि विचारले, "हा खालून चार स्क्रूंनी पेटीला धरलेला असतो. इथे दोनच आहेत. दुसरे दोन कुठे?"

मी म्हणालो, "वाटेत पडले असतील."

त्यांनी पेटीच्या तळाची ती दोन भोके मला दाखवली. आत काळी, दडपून बसलेली धूळ होती. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

ते दोन स्क्रू कुठे गेले हे जगात फक्त मला ठाऊक होते. १९६८ साली, मी अकरा वर्षांचा असताना, एका दुपारी घरचे सगळे झोपलेले पाहून मी दुकानातला पेचकस आणला आणि आत माणसे नाहीत तर आवाज कुठून येतो हे पाहण्यासाठी रेडिओ आडवा केला. दोन स्क्रू निघाले, तिसरा हलेना. तेवढ्यात अण्णांच्या खोकण्याचा आवाज आला. मी रेडिओ उभा केला आणि हातातले स्क्रू मोरीत टाकले. पुढे मोठ्या आवाजात रेडिओ फर्रफर्र करू लागला. अण्णांनी निष्कर्ष काढला की बुधवारी थोरला आवाज फार वाढवतो, त्याने बिघडवला. चातुर्मास संपेपर्यंत दादांना रेडिओला हात लावायची बंदी झाली. अठरा वर्षांचा तरुण मुलगा बुधवारी रात्री आठ वाजता चौकातल्या पानाच्या दुकानाशी उभा राहून गाणी ऐकून येई. मी गप्प राहिलो.

आणि आताही गप्प राहून मी त्याच संध्याकाळी ट्रान्सपोर्ट कंपनीला नुकसानभरपाईचे पत्र लिहिले. व्यापारी वाचकांना ठाऊक असेलच, पण नव्या पिढीसाठी सांगतो. रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा २००७ चा आणि त्याचे नियम २०११ चे आहेत. माल पाठवताना किंमत जाहीर करून जास्तीची जोखीम घेतलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरती राहते. दाव्याआधी लेखी सूचना द्यावी लागते आणि ती माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करण्याची गरज नसते. परंतु आपणच 'सुस्थितीत मिळाला' यावर सही केली असेल, तर मोडतोड त्यांच्या ताब्यात असताना झाली हे पटवणे जड जाते. किमतीचा कोरा रकाना आणि डोळे मिटून केलेली सही, दोन्ही चुका आमच्याच घरच्या. दोनशे साठच्या दहापट, म्हणून मी दोन हजार सहाशे मागितले. दुरुस्तीचे बिल मागाहून जोडतो असे लिहिले.

इकडे दुरुस्ती सावकाश चालली होती. सर्वांत आधी त्यांनी जुने कागदी कंडेन्सर बदलले. त्यांतला एक तिसऱ्या आणि चौथ्या व्हॉल्व्हच्या मधला. तो गळका झाला तर चौथा व्हॉल्व्ह बेसुमार तापतो आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्सफॉर्मर जळला की पुन्हा गुंडाळून घेण्यावाचून गत्यंतर नाही. वीज गाळणारा मोठा कंडेन्सर आतून सुकलेला होता. त्याचा ॲल्युमिनियमचा डबा शोभेसाठी जागेवर ठेवून त्यांनी खाली नवे बसवले. कर्ण्याची फाट पातळ कागद आणि डिंकाने इतकी सुबक सांधली की उजेडात धरल्याशिवाय दिसू नये. काचेचे चार तुकडे जुळवून त्यांचा फोटो काढला, आकड्यांची पारदर्शक छपाई करून घेतली आणि नव्या साध्या काचेमागे लावली. हिरवा डोळा मात्र सहज मिळेना. लॅमिंग्टन रोडला दोन खेपा झाल्या. शेवटी चोर बाजारात एका मोडक्या रेडिओतून काढलेला चालू डोळा मिळाला.

मागे विजेचा दाब निवडण्याची खिट्टी असते. ती २२० वर होती; आपल्याकडे दाब बऱ्याचदा त्याच्या वर जातो म्हणून त्यांनी ती सर्वांत वरच्या खाचेत सरकवली. मग भिंतीवरच्या त्या बल्बमधून वीज दिली. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने जळत राहतो आणि रेडिओ वाचतो. बल्ब भपकन पेटला, मग मंद होत लालसर राहिला. खोलीतली ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर त्यांनी बंद केले, कारण आजकालचे एलईडी दिवे आणि चार्जर मध्यम लहरींवर नुसती खरखर ओततात. गॅलरीत पंधरावीस हात तांब्याची तार ताणलेली होती. काटा सरकत सरकत ५३८ मीटरच्या आसपास पोहोचला, म्हणजे आजच्या भाषेत ५५८ किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी. हिरव्या डोळ्याची पापणी मिटली आणि एक बाई मराठीत बोलू लागल्या. काय बोलत होत्या ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल दिले. वहीच्या पानावर तीन रकाने आखलेले. पहिला, 'प्रवासात मोडलेले': हिरवा डोळा १,१००, कर्णा ६५०, काच ४५०, पेटीचा सांधा ५००, गँगच्या पाकळ्या ४५०, एकूण ३,१५०. दुसरा, 'वयोमानाने गेलेले': कंडेन्सर ६२०, मुख्य वायर व काट्याचा दोरा १८०, लाइनिंगची मजुरी ६००; एकूण १,४००. मी सहज म्हणालो, हे दोन्ही एकत्र लिहिले असते तरी चालले असते. ते म्हणाले, "गाडीवाल्याने कंडेन्सर नाही सुकवले." तिसऱ्या रकान्यात एकच ओळ होती. 'आधीपासून नसलेले: स्क्रू २, रु. ८.'

ते पान मला ट्रान्सपोर्टच्या पत्राला जोडायचे होते. चार स्क्रू असते तर सांगाडा हलला असता का? मी विचारले. "इतका नाही हलला असता," एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री मी दादांना फोन लावला आणि सगळे सांगितले. रेडिओ मोडून आला होता, मी न बघता सही केली होती, आणि १९६८ च्या पावसाळ्यात त्यांनी जी शिक्षा भोगली ती माझी होती. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. दादा आता पंच्याहत्तरीचे आहेत, कमी ऐकू येते. मला वाटले ऐकू गेलेच नाही. पण ऐकू गेले होते.

"त्या वर्षी पायदानावर कुठलं गाणं वर होतं ते मला अजून पाठ आहे," ते म्हणाले. "पानवाला उभं राहू द्यायचा, पण काहीतरी विकत घ्यावं लागायचं. रोज बडीशेप." मग थांबून त्यांनी विचारले, "ट्रान्सपोर्टवाल्याकडे किती मागितलेस?"

मी आकडा सांगितला.

"मग निम्मे तुझ्या नावावर टाक. चारातले दोन स्क्रू तुझे होते." व्यापारी माणूस, हिशेब चटकन होतो.

मी दुसरे पत्र लिहिले. दोन हजार सहाशेऐवजी एक हजार तीनशे, आणि कारण म्हणून 'पेटीतील मूळ दोष, पाठवणाऱ्या कुटुंबाच्या बाजूचा.' गोदामातल्या कारकुनाने ते दोनदा वाचले आणि मी मागणी वाढवायला आलो आहे की कमी करायला, असे विचारले. तीन आठवड्यांनी रक्कम आली. चर्चा झाली नाही.

कोणाला असा रेडिओ गावाहून आणायचा असेल तर शक्यतो हातात आणावा. पाठवायचाच असेल तर मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्ह जागांवर खुणा करून काढून घ्यावेत, वेगवेगळे गुंडाळावेत, सांगाडा आणि पेटी यांच्यातली पोकळी थर्माकोलने भरावी, एका खोक्यात दुसरे खोके घालावे आणि बिल्टीवर किंमत लिहावी. आणि आधी पेटी उलटी करून खालचे स्क्रू मोजावेत.

रेडिओ आता दिवाणखान्यात आहे. दादा रविवारी सकाळी फोन करतात आणि मी मोबाइल कर्ण्याजवळ धरतो. परवा म्हणाले, थोडा आवाज वाढव. मी वाढवला. फर्रफर्र झाले नाही.